गॉगलची काच किती काळी, यावर जाऊ नका

उन्हाळ्यात डोळ्यांची काळजी कशी घ्यावी, यावर मागील अंकात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांत सर्वाधिक विचारणा गॉगलविषयी आहे. डोळ्यांचे नंबर तपासणे आणि चष्म्याच्या काचा बसवणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे हे प्रश्न दुकानात समोरासमोरही वारंवार येतात. त्यांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी फिरतीची नोकरी असून सोलापूर जिल्ह्यात रोज शंभरेक किलोमीटर दुचाकीवरून जावे लागते. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मी रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून दीडशे-दोनशे रुपयांचा गॉगल घेतो आणि त्यातल्या त्यात सर्वांत काळा निवडतो, कारण तो घातला की डोळ्यांना थंड वाटते. माझे सहकारी म्हणतात की, पाच हजारांच्या आतला प्रत्येक गॉगल डोळ्यांना घातकच असतो. खरे काय मानावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काळेपणा हे संरक्षणाचे माप नव्हे आणि किंमत हेही नव्हे. त्यामुळे तुमचे आणि तुमच्या सहकाऱ्यांचे, दोन्ही म्हणणे सोडून देऊन आपण मुळापासून सुरुवात करू.

उन्हातून डोळ्यांपर्यंत दोन गोष्टी पोहोचतात. एक म्हणजे दिसणारा प्रकाश, ज्याने डोळे दिपतात; आणि दुसरे म्हणजे अतिनील किरण, जे दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत. काच काळी केल्याने फक्त दिसणारा प्रकाश कमी होतो. अतिनील किरण अडवणे हा काचेच्या मूळ पदार्थाचा किंवा त्यात मिसळलेल्या द्रव्याचा गुण आहे आणि त्याचा रंगाशी संबंध नाही. पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची पाण्यासारखी स्वच्छ काच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते, तर हलक्या प्लास्टिकची नुसती रंगवलेली काच काळीकुट्ट असूनही त्यांतले बरेचसे आत सोडू शकते.

आता डोळ्यांना थंड का वाटते आणि तिथेच धोका का आहे, हे पाहा. भर उन्हात आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, पापण्या मिटू लागतात, कपाळाला आठ्या पडतात. निसर्गाने दिलेले हे संरक्षण आहे. काळी काच डोळ्यांवर चढली की डोळ्याला सावलीत आल्यासारखे वाटते, बाहुली विस्फारते आणि डोळा सताड उघडा राहतो. ती काच अतिनील किरण अडवणारी नसेल, तर गॉगल घातल्यामुळे ते आत शिरण्याचे दार उलट मोठे होते. अशा काळ्या गॉगलपेक्षा डोक्यावर रुंद काठाची टोपी घालून उघड्या डोळ्यांनी वावरणे बरे, असे मी अगदी मनापासून सांगतो. वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांचा संबंध मोतीबिंदूशी, बुबुळावर वाढणाऱ्या मांसाशी आणि पापण्यांच्या त्वचेच्या कर्करोगाशी आहे. ही हानी त्या त्या दिवशी कळत नाही, म्हणून रोज उन्हात असणाऱ्या माणसाने ती गृहीत धरूनच खरेदी केली पाहिजे.

गॉगलवर ‘यूव्ही ४००’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंत लांबीच्या लहरी अडवल्या जातात. जमिनीपर्यंत पोहोचणारे अतिनील किरण साधारण २८० ते ४०० नॅनोमीटरच्या दरम्यानचे असतात, त्याहून आखूड लहरी वातावरणातील ओझोन आधीच शोषून घेतो. म्हणजे ‘यूव्ही ४००’ हे शब्द खरे असतील, तर तुम्हाला हवे ते सगळे त्यात आले. अडचण एवढीच की, ते शब्द छापलेली चिकटपट्टी कोणीही लावू शकतो. म्हणून गॉगल दुकानातील अतिनील तपासणीच्या यंत्रावर ठेवून पाहावा. वहीएवढ्या आकाराच्या या यंत्राच्या फटीत काच धरली की किती टक्के किरण पार जातात, ते क्षणात समजते. बहुतेक चांगल्या चष्माविक्रेत्यांकडे ते असते आणि बाहेरून आणलेला गॉगलही ते सहसा तपासून देतात. मागच्या उन्हाळ्यात एक रिक्षाचालक आपले दोन गॉगल घेऊन आले होते. एक फिकट तपकिरी, दोनशे रुपयांचा, आणि दुसरा कोणीतरी भेट दिलेला, जड, झळाळत्या चौकटीचा, काळाभोर. यंत्रावर स्वस्त गॉगल चोख निघाला आणि भेटीचा नापास झाला. प्रत्येक स्वस्त गॉगल असाच निघेल असे मात्र नाही, म्हणूनच तपासणी आवश्यक आहे.

दुसरी तपासणी तुम्ही स्वतः उभ्या-उभ्या करू शकता. गॉगल हात लांब करून समोर धरा, एक डोळा मिटा आणि एका काचेतून दाराची चौकट किंवा फरशीची सरळ रेघ पाहत गॉगल सावकाश वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. रेघ सरळच राहिली पाहिजे. ती मधूनच वाकली, थरथरली किंवा पाण्यात बुडाल्यासारखी हलली, तर काच ओतताना बिघडलेली आहे. असा गॉगल तासन्‌तास घालणाऱ्याला संध्याकाळी डोके दुखल्यासारखे वाटते आणि तो दोष उन्हाला देत राहतो.

काळेपणा किती असावा, याचेही एक माप ठरलेले आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार काचांना ० ते ४ असे क्रमांक असतात. क्रमांक २ ची काच १८ ते ४३ टक्के प्रकाश आत सोडते, क्रमांक ३ ची ८ ते १८ टक्के, आणि क्रमांक ४ ची केवळ ३ ते ८ टक्के. आपल्याकडच्या उन्हाला क्रमांक ३ पुरेसा आहे. क्रमांक ४ घालून वाहन चालवू नये, असे मानकच सांगते, कारण झाडाच्या सावलीतून अचानक पुढे आलेले जनावर किंवा माणूस त्यातून वेळेवर दिसत नाही. तुम्ही आजवर सर्वांत काळा म्हणून निवडत आलेला गॉगल कदाचित याच जातीचा असेल, तेव्हा तो आधी बाजूला ठेवा. चांगल्या गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला, मॉडेलच्या आकड्यांशेजारी हा क्रमांक बारीक अक्षरांत छापलेला असतो.

दुचाकीसाठी खऱ्या काचेचा गॉगल घेऊ नये, कारण पडल्यावर किंवा खडा लागल्यावर ती फुटून डोळ्यात जाऊ शकते. पॉलिकार्बोनेटची काच आणि चेहऱ्याला लपेटून बसणारी, वारा आणि धूळ आत येऊ न देणारी चौकट घ्या, आणि हेल्मेट सोबत नेऊन दुकानातच घालून पाहा. जाड काड्या हेल्मेटखाली कानशिलावर रुततात आणि मग माणूस गॉगलच काढून ठेवतो. ही सगळी लक्षणे असलेला गॉगल हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. दरवर्षीचे दोनशे रुपये साठवले असते, तर तो एव्हाना मिळाला असता.

प्रश्न : माझे वडील मालवणजवळ लहान होडीवर मासेमारी करतात. दुपारी पाण्यावरची चमक त्यांना सहन होत नाही. अलीकडे उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसासारखे काहीतरी बुबुळाकडे सरकताना दिसते. त्यांना पोलराइज्ड गॉगल घेऊन द्यावा, असे एकाने सुचवले. त्याने ते मांस जाईल का?
– एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : जाणार नाही, आणि म्हणून गॉगलच्या आधी बाबांना नेत्रतज्ज्ञांकडे न्या. तुम्ही वर्णन केलेली वाढ बहुधा टेरिजियम असावी, पण ते डोळा प्रत्यक्ष पाहूनच ठरवता येते. ही वाढ बुबुळाच्या मध्यापर्यंत पोहोचली तर दृष्टीला बाधा आणते. मासेमार, शेतकरी आणि रस्त्याच्या कामावरचे मजूर, म्हणजे ज्यांना ऊन-वारा-धूळ चुकत नाही, त्यांच्यात ती बरीच आढळते. योग्य गॉगल तिला पुढे रेटणारे एक मोठे कारण कमी करतो, आणि शस्त्रक्रिया करावी लागलीच तर त्यानंतरही तो वापरायचाच असतो.

ही वाढ बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूने का सुरू होते, हे समजले की गॉगल कसा निवडायचा तेही समजेल. कानशिलाच्या बाजूने तिरके येणारे किरण बुबुळाच्या गोलाईतून वळतात आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतात. म्हणजे समोरून झाकलेला पण बाजूंनी उघडा असलेला सपाट गॉगल इथे अर्धेच काम करतो. बाबांसाठी कानशिलापर्यंत वळलेली चौकट घ्या, आणि भुवई व चौकट यांच्यामध्ये बोट सहज शिरेल इतकी फट राहणार नाही, हे पाहा. टोपी असावीच, कारण वरून येणारे ऊन तीच अडवते.

आता पोलराइज्ड काचेविषयी. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने मुख्यत्वे आडव्या दिशेने होतात, आणि पोलराइज्ड काचेतील पातळ पडदा नेमकी ती आडवी कंपने अडवतो. एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९२९ मध्ये असा पडदा स्वस्तात बनवण्याची युक्ती काढली. साधी काळी काच पाण्याची चमक आणि पाण्याखालचा खडक, दोन्ही सारखेच अंधूक करते. पोलराइज्ड काच चमक वेगळी काढून टाकते आणि खडक दिसू लागतो. होडीपासून थोड्या अंतरावर, नजर खाली तिरकी टाकून पाहिले की हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. ज्याने एकदा हे पाहिले, त्याला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. म्हणून बाबांना दुकानात सोबत नेणे उत्तम.

पोलराइज्ड म्हणून विकली जाणारी काच खरोखर तशी आहे का, हे तपासणे सोपे आहे. दोन पोलराइज्ड गॉगल एकमेकांसमोर धरा आणि एक हळूहळू काटकोनात फिरवा. दोन्ही खरे असतील तर काचा जिथे एकमेकींवर येतात, तिथे जवळजवळ पूर्ण अंधार होतो. नकली असेल तर काही बदलत नाही. मात्र हे लक्षात ठेवा की, पोलराइज्ड असणे आणि अतिनील किरण अडवणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत, तेव्हा वर सोलापूरच्या वाचकांना सांगितलेली यंत्रावरची तपासणी इथेही करून घ्यावी. होडीवर जीपीएस किंवा मासे शोधण्याचे यंत्र असेल, तर त्याचा पडदा या काचेतून काही कोनांत काळा दिसू शकतो. बाबांचा मोबाइल आडवा-उभा धरून तसे किती होते, ते आधीच पाहून घ्या.

खाऱ्या हवेत धातूच्या बिजागऱ्या आणि स्क्रू लवकर गंजतात. चौकट नायलॉनची घ्यावी, गॉगलला मानेत अडकवायची दोरी लावावी आणि किनाऱ्यावर आल्यावर तो रोज गोड्या पाण्याने धुवावा. मीठ वाळलेली काच लुंगीने किंवा सदऱ्याने पुसली की मिठाचे कण तिच्यावर ओरखडे काढतात. आधी पाणी, मग बोटांनी हलका साबण, पुन्हा पाणी, आणि शेवटी मऊ कापड, हा क्रम बाबांना एकदा करून दाखवा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे आणि मला दूरचा नंबर आहे. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा मोठ्या हौसेने करून घेतला, पण कारमध्ये तो मुळीच काळा होत नाही, आणि मे महिन्यात बाहेरही जेमतेम करडा होतो. जानेवारीत मात्र छान काळा होत होता. माझी फसवणूक झाली आहे का?
– एक वाचक भगिनी, अकोला

उत्तर : नाही ताई, काच तिच्या स्वभावाप्रमाणेच वागते आहे. विकताना हा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा होता, एवढे मात्र खरे. या काचेतील रेणू अतिनील किरण पडले की आपली रचना बदलतात आणि प्रकाश शोषू लागतात. कारची समोरची काच दोन थरांची असून मधल्या प्लास्टिकच्या पडद्यामुळे अतिनील किरण आत येतच नाहीत, मग तुमच्या चष्म्याला ऊन पडले आहे हे कळावे कसे? दुसरी गोष्ट तापमानाची. हे रेणू काळे होतात तसेच पुन्हा मूळ रूपात परतही येत असतात, आणि उष्णता जितकी जास्त तितके ते लवकर परततात. त्यामुळे अकोल्याच्या चव्वेचाळीस अंशांत, जिथे काळेपणाची सर्वांत जास्त गरज, तिथेच ही काच सर्वांत फिकट राहते, तर थंडीतल्या कोवळ्या उन्हातही ती गडद होते. ती फिकट दिसली तरी अतिनील किरण अडवण्याचे काम चालूच असते, तेव्हा तो चष्मा टाकून देऊ नका, शाळेत आणि घरी तो उत्तमच आहे.

गाडी चालवण्यासाठी आणि विदर्भातल्या दुपारसाठी नंबरचा वेगळा गॉगल करून घ्या. करड्या काचेतून रंग आहेत तसेच दिसतात आणि तपकिरी काचेतून रस्त्यावरचा उंचसखलपणा अधिक ठळक दिसतो. निळ्या, गुलाबी किंवा लाल काचा सिग्नलचे रंग बदलून टाकतात, म्हणून वाहन चालवणाऱ्याने त्या टाळाव्यात. वर गडद आणि खाली फिकट होत जाणारी काच कारसाठी सोयीची, कारण समोरचे आकडे खालच्या भागातून स्पष्ट वाचता येतात. नंबर जास्त असेल तर फार वळलेली चौकट निवडू नका, तीत कडेचे दृश्य ओढल्यासारखे दिसते. खर्च आवरायचा असेल, तर सध्याच्याच चौकटीवर अडकवायची क्लिप हा चांगला मार्ग आहे. आणि गॉगल कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हात तापलेल्या बंद गाडीत काचेवरच्या लेपाला बारीक तडे जातात आणि चौकटही वाकते.

प्रश्न : एका नामांकित कंपनीचा गॉगल तेरा हजारांना आहे. ही जास्तीची किंमत नेमकी कशाची?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काही भाग चांगल्या बिजागऱ्यांचा, काचेच्या घोटीव कामाचा आणि दुरुस्तीला सुटे भाग मिळण्याचा, आणि मोठा भाग नावाचा. रे-बॅन हे नाव १९३७ मध्ये बॉश अँड लॉम्ब या कंपनीने वैमानिकांसाठीच्या गॉगलमधून पुढे आणले. त्यांच्या प्रसिद्ध हिरवट काचेच्या ‘जी-१५’ या नावातील १५ म्हणजे ती १५ टक्के प्रकाश आत सोडते, म्हणजेच ती साधी क्रमांक ३ ची काच. १९९९ पासून ते नाव लक्झोटिका या इटालियन कंपनीकडे आहे, जी इतर अनेक फॅशन-नावांसाठीही गॉगल बनवते. अतिनील किरण अडवण्याच्या बाबतीत शंभर टक्क्यांच्या पुढे काही नसते. ते दीड हजारांच्या गॉगलने गाठले असेल, तर तेरा हजारांचा त्याहून जास्त अडवू शकत नाही. चौकट आवडली असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्या. डोळ्यांसाठी म्हणून कर्ज काढून घेण्याची मात्र गरज नाही.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला गॉगल द्यावा का? खेळण्यांच्या दुकानात रंगीत गॉगल मिळतात.
– एक आई, पुणे

उत्तर : द्यावा, पण खेळण्यातला नको. मुलांच्या डोळ्यांतील नैसर्गिक भिंग मोठ्यांच्या मानाने अधिक पारदर्शक असते, त्यामुळे किरण दृष्टिपटलापर्यंत अधिक सहज पोहोचतात. शिवाय मुले उन्हात खेळतातही जास्त. पॉलिकार्बोनेटची काच, मुलांच्या मापाची मऊ चौकट आणि मागे ताणपट्टी असावी. तो सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत, पोहायला किंवा समुद्रावर जाताना वापरावा. दिवसभर घालायला लावू नका. बाहेरचा मोकळा प्रकाश मुलांच्या नजरेच्या वाढीला हवाच असतो.

प्रश्न : रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात. पिवळ्या काचेचा ‘नाइट ड्रायव्हिंग’ गॉगल घ्यावा का? वय ६१.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये. रात्री प्रकाश आधीच अपुरा असतो आणि कोणतीही रंगीत काच त्यातला आणखी काही खाते. समोरचे दिवे सौम्य वाटतात, पण कडेने चालणारा माणूसही तितकाच अंधूक होतो. ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी काच रात्री वाहन चालवण्यास अयोग्य, असे मानकही सांगते. तुमच्या वयात दिवे फाकलेले दिसणे हे मोतीबिंदूच्या सुरुवातीचे लक्षण असू शकते, म्हणून आधी डोळे तपासून घ्या. नंबर असेल तर चष्म्याला चमक कमी करणारा लेप करून घ्या, आणि कारची समोरची काच आतून पुसा. तिच्यावर साचलेला धुरकट थर दिव्यांचा उजेड पसरवतो, आणि बाहेरून काच धुणाऱ्या पुष्कळ लोकांचे त्याकडे लक्षच जात नाही.

प्रश्न : आम्ही काही मित्र जूनमध्ये लेहला मोटारसायकलवरून जाणार आहोत. इथे वापरतो तेच गॉगल चालतील का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तपासलेले, क्रमांक ३ चे आणि चेहऱ्याला लपेटून बसणारे असतील, तर रस्त्यावर चालतील. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथून पुढची खारदुंगला ही खिंड पाच हजारांच्याही वर. त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे टोपीचा काठही तिथे कामाचा राहत नाही, कारण ऊन खालून येते. खिंडीत उतरून तासभर बर्फात उघड्या डोळ्यांनी खेळलेल्या माणसाला त्या वेळी काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी थांबत नाही आणि दिवा पाहवत नाही. ही बुबुळाची भाजणी असते. ती सहसा एक-दोन दिवसांत भरून येते, पण त्या दोन दिवसांत मोटारसायकल चालवता येत नाही. डोळे चोळू नयेत आणि जवळच्या डॉक्टरांना दाखवावे.

बर्फावर बराच वेळ चालायचे असेल, तर बाजूंना पडदे असलेला क्रमांक ४ चा गॉगल वेगळा घ्यावा, आणि गटात किमान एक जास्तीचा गॉगल ठेवावा, कारण तिथे तो हरवला किंवा फुटला तर दुसरा मिळेलच असे नाही. बर्फावरून परतून मोटारसायकलवर बसण्यापूर्वी मात्र क्रमांक ४ चा काढून पेटीत ठेवा आणि क्रमांक ३ चा चढवा.